निर्बंधांचा हिशोब मांडताना आपली वस्ती कुठे असते?

महासाथीच्या काळातल्या दोन मोठ्या टाळेबंद्या आपल्या लोकांच्या लक्षात तारखेसकट राहिल्या आहेत, कारण दोन्ही वेळा तारीख १४ एप्रिलच होती. २०२० मध्ये देशव्यापी लॉकडाऊनचे पहिले २१ दिवस संपत आले होते आणि जयंतीच्या सकाळीच पंतप्रधानांनी तो ३ मेपर्यंत वाढवला. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारचे 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध १४ एप्रिलच्या रात्री ८ वाजता सुरू झाले. दोन्ही वर्षी आपण मिरवणूक काढली नाही. घरातच प्रतिमेला हार घातला, मेणबत्ती लावली आणि वंदना घेतली. २०२० च्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी आपल्या लोकांनी गर्दीविना ठेवली. यासाठी कोणाला लाठी उगारावी लागली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचे वाचून कोणी म्हणू नये की ही माणसे निर्बंधांच्या विरोधात आहेत.

पण २०२० च्या त्याच १४ एप्रिलला दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर शेकडो मजूर जमले होते. आम्हाला गावी जाऊ द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पोलिसांनी त्यांना पांगवले. आपल्यासाठी लॉकडाऊन म्हणजे जयंती घरात करणे होते, त्यांच्यासाठी तो दहा बाय दहाच्या खोलीत पगाराविना अडकणे होता. आणि खरे सांगायचे तर आपल्यातही हे दोन गट होतेच. घरून काम करणारा बँकेतला भाऊ आणि नाक्यावर उभा राहणारा बिगारी भाऊ एकाच आडनावाचे असतात.

आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. अभ्यासवर्गात तरुण मुले आम्हाला अजूनही विचारतात, "लॉकडाऊन बरोबर होता की चूक?" हो-नाहीत उत्तर हवे असते. आमच्या मते हा प्रश्न तोडून विचारला पाहिजे. कोणता निर्बंध, कधी, किती दिवसांसाठी, किती आधी सांगून, आणि त्याची किंमत कोणाच्या खिशातून, हे वेगळे केल्याशिवाय हिशोब लागत नाही.

आधी निर्बंधांच्या बाजूचे. २०२० च्या मार्चमध्ये लस नव्हती, तपासण्या मोजक्या होत्या आणि श्वासातून पसरणारा आजार एकाकडून अनेकांकडे जात होता. अशा वेळी माणसांच्या भेटी कमी करणे म्हणजे वेळ विकत घेणे. त्या वेळात खाटा, ऑक्सिजन, कर्मचारी यांची तयारी करायची असते. ही गोष्ट शास्त्राला धरून आहे. निर्बंध म्हणजे निव्वळ नाटक होते असे म्हणणाऱ्यांनी २०२१ चा एप्रिल आठवावा. हरिद्वारला कुंभमेळा भरला होता, निवडणुकीच्या सभा चालू होत्या आणि नंतर खाटेसाठी, सिलिंडरसाठी लोक रात्रभर फिरत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले. केंद्र सरकारने हा अंदाज नाकारला आहे. सरकारी आकडा ५ लाखांच्या आत होता. महाराष्ट्राची अधिकृत नोंदच जवळपास १ लाख ४८ हजार मृत्यूंची आहे. गर्दी वेळेत न रोखण्याचीही किंमत असते आणि तीही वस्तीच मोजते.

म्हणून प्रश्न निर्बंध लावावेत की नाही एवढाच राहत नाही. वस्तीत निर्बंध काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे आधी पाहायला हवे. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. त्यात चेंबूरकडचा एम पश्चिम प्रभागही होता. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता. इमारतींमध्ये हेच प्रमाण १६ टक्के होते. कडक लॉकडाऊनचे तीन महिने दोघांवरही सारखेच होते. फरक घराच्या आकाराचा, नळाच्या रांगेचा आणि सार्वजनिक संडासाचा होता. 'घरात राहा' हा आदेश ज्याला घर आहे त्याला वाचवतो. एका खोलीत सात माणसे असतील आणि सकाळी संडासाला रांग लावावीच लागत असेल, तर त्याच आदेशाने आजार आतच फिरतो आणि बाहेरची मजुरी मात्र बंद होते. आमच्या वस्त्यांना नुकसान पूर्ण झाले आणि संरक्षण अर्धेच मिळाले, ते असे.

आता मजुरीचे. २४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. चार तास. त्यात आठवडाभराचे सामान भरायचे तर हातात पैसे हवेत, आणि रोजंदारीच्या माणसाच्या हातात रात्री आठला त्या दिवसाचीच मजुरी असते. केरळ सरकारने १९ मार्चलाच, म्हणजे देशव्यापी लॉकडाऊनच्या आधी, २० हजार कोटींचे मदत पॅकेज जाहीर केले होते आणि पुढे सामुदायिक स्वयंपाकघरे उभी केली. मदत आधी आणि बंदी नंतर, असा क्रम शक्य होता, हे त्यावरून दिसते. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेली बीड, नगरकडची एक लाखाहून जास्त माणसे कारखान्यांच्या परिसरात अडकली. त्यांना गावी जायची परवानगी राज्याने १७ एप्रिलला दिली. यात आपले बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आणि वंजारी आहेत. कोप्यांमध्ये लेकराबाळांसकट त्यांनी ते दिवस कसे काढले, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

८ मे २०२० ला पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातले, बहुतेक गोंड आदिवासी होते. भुसावळला गाडी मिळेल म्हणून चालत निघाले होते. ते विषाणूने मेलेले नाहीत, म्हणून कोविडच्या आकड्यात ते नाहीत. निर्बंधांचा हिशोब ठेवणारे कोणतेही खाते नव्हते, म्हणून तिकडेही नाहीत. आमचा मुद्दा इथे आहे. रोजची रुग्णसंख्या रोज संध्याकाळी जाहीर होत होती. निर्बंधांची किंमत मोजून रोज संध्याकाळी सांगणारे कोणी नव्हते. जे मोजले जात नाही ते निर्णयाच्या टेबलावर येत नाही.

नंतर मोजणाऱ्यांनी मोजले. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी एप्रिल २०२० मधल्या रोजगाराची आकडेवारी जातीप्रमाणे पाहिली. काम गमावण्याचे प्रमाण उच्चजातींपेक्षा अनुसूचित जातींमध्ये बरेच जास्त निघाले. कारणही साधे आहे. आपल्या लोकांची कामे रोजंदारीची, कराराविना आणि हाताने करायची. ती घरून होत नाहीत.

त्याच वेळी एका प्रकारचे काम बंद झालेच नाही. सफाई कामगार, कचरा गाडीवरचा कंत्राटी माणूस, स्मशानातला कर्मचारी, आशाताई. लॉकडाऊन यांच्यासाठी नव्हता. यांच्या जिवावर तो इतरांसाठी होता. आशांना कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला १००० रुपये ठरले. १५ जून २०२१ ला महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळले की या बाया पगारी नोकर नाहीत, मोबदल्यावर काम करतात. कोणती जात 'अत्यावश्यक' कामात असते आणि कोणती घरून काम करते, हा समाजशास्त्राचा जुनाच धडा आहे. महासाथीने तो शासन आदेशाच्या भाषेत लिहून दिला.

आरोग्याच्या किमतीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तरुणांच्या चर्चेत ती सगळ्यात कमी येते. टीबी घ्या. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख टीबी रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. टीबी कमी झाला म्हणून नव्हे. दवाखान्यात जायला गाडी नव्हती, टीबी तपासणारी यंत्रे आणि माणसे कोविडच्या कामाला लावली होती, आणि खोकला आहे असे सांगितले तर उचलून नेतील ही भीती होती. नोंद न झालेला रुग्ण औषधाविना खोकत घरातच बसतो आणि त्याच खोलीतल्या मुलांना देतो. २०२० मध्ये जगभरात टीबीचे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले.

लसीकरणाचेही तेच. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांच्या लसीचा पहिला डोसही न मिळालेली बाळे भारतात २०१९ मध्ये १४ लाख होती, २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली. अशा सुटलेल्या बाळांची संख्या गुपचूप साठत जाते. गोवराला रोखायचे तर शंभरातल्या सुमारे ९५ मुलांना लस मिळालेली असावी लागते. तेवढी नसली की तो वाट शोधतो. २०२२ च्या दिवाळीच्या सुमारास गोवंडीत त्याने वाट शोधली. मुले दगावली. मग मालेगाव, भिवंडीतही साथ आली. तेव्हा टीव्हीवर चर्चा झाली की 'या वस्त्यांतले लोक लस घेत नाहीत'. काही घरांत भीती होती, हे आम्ही नाकारत नाही. पण आधीच्या दोन वर्षांत लसीकरणाची सत्रे कितीदा झाली नाहीत आणि कामासाठी गावी गेलेली कुटुंबे परत आल्यावर त्यांची यादी कोणी केली, हे विचारायचे टीव्हीला सुचले नाही.

इथे एक सावधगिरी. यातले सगळे नुकसान निर्बंधांमुळे झाले असे म्हणणे चूक ठरेल. काही विषाणूमुळे झाले, काही लोकांच्या भीतीमुळे, आणि बरेचसे आधीच मोडकळीला आलेल्या आरोग्यव्यवस्थेमुळे. निर्बंध नसते तरी दवाखाने भरलेच असते. आपण कार्यकर्त्यांनी भाषण करताना हे वेगळे करून सांगितले पाहिजे, नाहीतर समोरचा एकच प्रश्न विचारून आपला मुद्दा पाडेल.

शाळांच्या बाबतीत मात्र असा आडोसा घेता येत नाही. महाराष्ट्रात हॉटेले आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले. मंदिरे आणि इतर प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. मुंबईतली पहिली ते सातवीची मुले शाळेत गेली ती १५ डिसेंबर २०२१ ला! म्हणजे बारनंतर चौदा महिन्यांनी. जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. लहान मुलांना या आजाराचा धोका म्हाताऱ्यांपेक्षा खूप कमी आहे, हे तोवर जगाला कळून चुकले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १४०० मुलांचे सर्वेक्षण केले. ग्रामीण भागात फक्त ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के, इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. बाबासाहेबांच्या 'शिका' या शब्दावर उभ्या राहिलेल्या समाजाने हा आकडा पाठ करावा. समाजकल्याणाची वसतिगृहेही अनेक ठिकाणी विलगीकरणासाठी घेतली गेली. गावाकडे परतलेल्या मुलांपैकी काही ऊस तोडायला गेली, काही मुलींची लग्ने झाली. आमच्या ओळखीतल्या दोन मुली दहावीनंतर परत वर्गात दिसल्या नाहीत. दोघी आता बाळांना घेऊन लसीकरणाला येतात.

लोकलचे उदाहरण मुंबईकरांना जवळचे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. घरकाम करणाऱ्या बाया त्यात धरल्या नव्हत्या. मानखुर्द-गोवंडीहून हार्बरने कामावर जाणाऱ्या बाईला सरसकट महिलांना परवानगी मिळेपर्यंत, म्हणजे २१ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून नियम आला: दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकल. ऐकायला हा नियम सगळ्यांना सारखा वाटतो. आता हिशोब करा. १८ ते ४४ वयोगटाची लस १ मेला सुरू झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन, आणि कोविन संकेतस्थळावर मराठी जून उजाडेपर्यंत नव्हतीच. मे महिन्यातच तुटवडा म्हणून राज्याने या वयोगटाचे लसीकरण थांबवले. २१ जूनला ते सगळ्यांसाठी नव्याने सुरू झाले. त्याच दिवशी पहिला कोविशिल्ड घेतलेल्या पोराला ८४ दिवसांचे अंतर धरून दुसरा डोस १३ सप्टेंबरला मिळणार आणि लोकलचा पास २७ सप्टेंबरला. म्हणजे सरकारने लस दिलीच उशिरा आणि ती उशिरा घेतली म्हणून गाडी नाकारली. ज्याच्याकडे दुचाकी किंवा घरून काम करायची सोय होती, त्याला हा नियम लागलाच नाही.

मग वजन करायचे कसे? आपल्या संविधानाच्या न्यायशास्त्रात यासाठी तराजू आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांबाबत सांगितले की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. त्या लोकांची घरे शेवटी वाचली नाहीत, हेही लक्षात ठेवू. पण तत्त्व पक्के झाले, आणि त्यामुळे 'जीव की रोजगार' अशी निवड करायला सांगणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनेही अर्धेच बोलत असतो. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने प्रमाणबद्धतेची कसोटी ठळक केली. साध्या भाषेत ती अशी: निर्बंधाला कायद्याचा आधार आहे का, हेतू योग्य आहे का, या उपायाने तो हेतू खरोखर साधतो का, त्याहून कमी त्रासाचा उपाय होता का, आणि शेवटी फायदा व नुकसान यांचा तोल बसतो का. सभागृह, लग्न, मिरवणूक यांच्यावरचे मर्यादित बंधन या कसोटीला उतरते, म्हणून जयंती घरात केल्याचे आम्हाला दुःख आहे पण तक्रार नाही. चार तासांची सूचना उतरत नाही, कारण मजुरांना आधी गावी पोचवण्याचा कमी त्रासाचा मार्ग होता. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटल्याच की. बार उघडे आणि शाळा बंद, हेही उतरत नाही. या कसोटीत आम्ही एक प्रश्न जोडतो: नुकसान झालेल्याला भरपाई किती आणि कोणत्या कागदावर?

त्या कागदाबद्दल बोलण्याआधी कायद्याकडे जाऊ. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा आहे. मुंबईतल्या प्लेगसाठी इंग्रजांनी तो ४ फेब्रुवारी १८९७ ला केला. मोजकी कलमे. सरकारला तपासणीचे, वेगळे ठेवण्याचे अधिकार, न मानणाऱ्याला शिक्षा, आणि अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण. रुग्णाच्या पोटाचे काय, मजुरी बुडाली तर काय, याबद्दल अक्षर नाही. त्या कायद्याला पाच आठवडे होत होते तेव्हा, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी हडपसरला यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवले होते. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सैनिक घराघरांत घुसून झडती घेत होते. साथ हाताळण्याच्या दोन रीती होत्या आणि कायदा होऊन टिकली ती दुसरी. २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी. ती गरजेचीच होती. पण मदतीचे कलम तेव्हाही आले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून बदल किंवा नवा कायदा सुचवला आहे. आपल्या वकील मित्रांनी तो अहवाल वाचावा आणि उपजीविकेचे, शाळेचे, चालू औषधोपचाराचे कलम त्यात घालण्याची मागणी आताच लावून धरावी. साथ आल्यावर कोणी ऐकत नाही.

आता कागद. २०२१ च्या निर्बंधांसोबत राज्य सरकारने ५,४७६ कोटींचे पॅकेज दिले. मोफत धान्य, मोफत शिवभोजन थाळी, आणि बांधकाम कामगार, फेरीवाले, घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक यांना १५०० रुपये. २०२० पेक्षा हे नक्कीच शहाणपणाचे होते. पण पैसे नोंदणी असलेल्यालाच. घरेलू कामगारांच्या मंडळाचा कायदा २००८ चा, तरी आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायांची नोंदणी नव्हती किंवा नूतनीकरण राहिले होते. बांधकाम मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस रोज नव्या मुकादमाकडे जातो, त्याला कोण दाखला देणार? ठेकेदार देत नसेल तर गावात ग्रामसेवक आणि शहरात पालिकेचा अधिकारी तो देऊ शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ज्या मंडळांकडे जयंतीसाठी वर्गणीची वही आहे, त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानांवर वस्तीतले कामगार, त्यांची नोंदणी कधी संपते, टीबीचे औषध कोणाचे चालू आहे आणि कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिला आहे, एवढे लिहायला घ्यावे. आमच्याकडे चार गल्ल्यांचे झाले आहे. दाखल्यांसाठी पालिकेच्या कार्यालयात खेटे घालणे चालू आहे. सही करणारे साहेब सोमवारी आणि गुरुवारी बसतात.